न्हाव्याची नखं

गावातल्या सगळ्यांची नखं मुखरू न्हावी काढी. मुखरूची नखं काढायला मात्र गावात दुसरा न्हावी नव्हता. डाव्या हाताची त्याची त्याला काढता आली असती. उजव्या हाताची कशी काढणार? म्हणून लग्न होऊन घरात आल्या-आल्या सासूने भागीरथेच्या हातात नराणी ठेवली. "न्हाव्याचीच लेक हायेस ना?" म्हणाली, "मंग बस त्याच्यापुढं. माझे डोळे आता गेले."

भागीरथा मान खाली घालून बसली. नवऱ्याचं तोंड तिने तोवर धड पाहिलं नव्हतं; हात मात्र त्या दिवशी नीट पाहिला. लांब, सरळ बोटं. सदानकदा ओल्यात असल्याने टोकाशी थोडी सुरकुतलेली. पुढे कित्येक वर्षांनीही कोणी विचारलं असतं, तर मुखरूचा चेहरा सांगताना ती अडखळली असती, पण त्याची बोटं तिने मातीत काढून दाखवली असती.

नराणी म्हणजे बोटभर लांबीची लोखंडी पट्टी, टोकाला चपटी धार असलेली. तिने नख एका झटक्यात कापायचं नसतं; कडेकडेने उतरवत न्यायचं असतं. भागीरथा हे आरमोरीकडे बापाच्या शेजारी बसून शिकली होती. सासरी आल्यावर गावातल्या बायकांची नखं तिच्याकडे आली. नवरीची हळदीआधी, बाळंतिणीची बारशाआधी, आणि एरवी ज्या बोलावतील त्यांची. नखं उतरवली की ती भाजक्या मडक्याच्या खापरीने त्यांच्या कडा घासून गोल करी, म्हणजे लुगड्याच्या धाग्यात अडकत नसत. पडलेली नखं पळसाच्या पानात गोळा करून जिची तिच्या हाती देई. रानाला लागून असलेलं गाव. कोणाचं नख कोणाच्या हाती पडेल आणि तो त्याचं काय करील, या धाकात बायका असत. पानाची पुडी हातात पडेपर्यंत त्या भागीरथेच्या गुडघ्यांवरून नजर काढत नसत. तिने कधी एक तुकडाही मागे ठेवला नाही, असं तिचं नाव होतं.

मुखरूची नखं ती बुधवारी सकाळी काढी, अंगणात, ऊन भिंतीवरून खाली उतरलं की. त्याच्या नऊ बोटांची नखं साधी. डाव्या अंगठ्याचं तेवढं वेगळं. ते थोडं वाढू द्यायचं, खापरीने घासून पुढची कड अर्धगोल करायची आणि पाठ आरशासारखी गुळगुळीत करायची. कारण वस्तरा लावला की मुखरू त्याची धार त्या नखावर पाही. नख ओलं करायचं आणि वस्तरा नुसत्या आपल्या वजनाने त्यावरून ओढायचा. धार बरोबर असली की ती नखाला हलकेच धरते. खाच असली की अडखळते. बोथट असली की काचेवरून ओढल्यासारखी निसटून जाते. हे डोळ्यांना दिसत नाही, नखाखालच्या मांसाला कळतं. "न्हाव्याले दोन डोळे तोंडावर," मुखरू म्हणे, "आन एक इथी." आणि अंगठा दाखवी.

लेक सासरी गेली त्याच वर्षी धान कापायला आलं तेव्हाची गोष्ट. मुखरू गावातल्या सोमाजीच्या बैलाबद्दल काहीतरी सांगत होता. बैल कसा मारका आहे आणि सोमाजी कसा त्याच्यापुढे हात जोडतो, ते हात जोडून दाखवायला त्याने अचानक हात हलवला आणि नराणी निसटली. अंगठ्याच्या कोपऱ्यात, नखाखालच्या जिवंत मांसात ती रुतली. भागीरथेच्या तोंडून "अगाई" निघालं. मुखरू बैलाचंच सांगत होता. रक्त त्याच्या मनगटापर्यंत आलं, तरी तो बैलाचंच सांगत होता.

"काऊन थांबलीस?" त्याने विचारलं.

"रक्त आलं."

त्याने हात वर करून पाहिलं. "असं होय," म्हणाला, आणि लुगड्याच्या चिंधीने पुसून टाकलं.

पुढच्या बुधवारी तिने नराणीचं टोक मुद्दाम त्याच्या करंगळीत दाबलं. थोडं. मग आणखी थोडं. तो कुंपणावर बसलेल्या कावळ्याला हाकलत होता. तिने त्याच्या बंडीची बाही वर सरकवली, जणू नुसती दुमडतेय. कोपराच्या आतल्या बाजूला एक डाग होता, राख पुसल्यासारखा, फिका. त्यावर घाम नव्हता. आजूबाजूला होता.

तो डाग काय आहे हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. धानोऱ्याच्या बाजारात, बैल बांधतात त्याच्या पलीकडे, चिंचेच्या झाडाखाली एक डॉक्टर आणि त्याचा कंपाउंडर बसत. महारोग्यांना गोळ्या देत. त्या झाडाकडे जायला वाट सरळ होती, पण बाजाराची माणसं वळसा घालून जात. कंपाउंडर उभा राहून मोठ्याने सांगे, "डाग दिसला की या. लवकर आलात तर बोटं राहतात." त्याचा आवाज मिरची विकणाऱ्या बायकांपर्यंत येई, आणि बायका पदर नाकाला लावून हसत.

तिने मुखरूला एकदाच सांगितलं. चूल पेटवता पेटवता, पाठ करून, म्हणजे तोंड दिसणार नाही.

"थंडीनं बधिर होते हात," तो म्हणाला.

"डागही थंडीनं पडते का?"

त्याने चुलीपुढची एक काडी उचलली. मग म्हणाला, "लेक सासरी आहे तुही. तिच्या सासूले उद्या कोनी सांगितलं ना, तं पोरगी परवा आपल्या दारात उभी राहील. आन माह्या हातानं डोकं करून घेतलेलं हे गाव, ते काय करंल? हे घर ठेवंल का?" त्याने काडी मोडून चुलीत टाकली. "तू पाहिलं नाई. मीही पाहिलं नाई."

तेव्हापासून ती रोज पाहू लागली. पारावर तो गिऱ्हाइकासमोर बसला की ती काही ना काही काम काढून तिथून जाई. वस्तरा गळ्याच्या उभ्या शिरेवरून फिरे. मुखरू गोष्ट सांगे, गिऱ्हाईक हसे, हसताना गळा हले. भागीरथा घागर कमरेवर घेऊन उभी राही. एकदा सोमाजीच्या कानाच्या पाळीला लागलं. रक्ताचा ओघळ खांद्यावर आला.

"मुखरूभाऊ, कान ठेवजो रे बापा," सोमाजी म्हणाला. "बायकोचं ऐकाले लागते!"

"एका कानानं ऐकशील तं सुखी होशील," मुखरू म्हणाला, आणि सगळा पार हसला. भागीरथाही हसली. घागरीतलं पाणी तिच्या पायावर सांडलं.

माघ सरताना गुणवंतरावांच्या घरून बोलावणं आलं. मालगुजारी जाऊन काही वर्षं झाली होती, तरी गाव त्यांना मालकच म्हणे. त्यांची सून आशाबाई हिला लग्नानंतर फार दिवसांनी मुलगा झाला होता. त्याचं जावळ काढायचं होतं. आदल्या दिवशी सुनेची नखं काढायला भागीरथा गेली. मूल सतरंजीवर बसलं होतं. नुकतंच बसायला शिकलं होतं, मध्येच कलंडत होतं. डोक्यावर काळं, मऊ, दाट जावळ. ते रडायला लागलं की टाळूवरचे केस धक-धक हलत. खाली अजून हाड भरलेलं नव्हतं.

भागीरथेने आशाबाईचा हात हातात घेतला, पण नजर त्या टाळूवरून हलेना.

"बाई," ती मालकीण रुखमाबाईंना म्हणाली, "एक सांगू का? जावळासाठी धानोऱ्याच्या लटारूभाऊले बोलावलं तं? त्यायचा हात लय हलका आहे म्हनतात."

रुखमाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. सूप थांबलं.

"काऊन वं? माह्या नवऱ्याचं जावळ मुखरूच्या बापानं काढलं. लेकाचं मुखरूनंच काढलं. आता नातवासाठी बाहेरचा आनू? का मुखरू मोठा झाला, आमच्या अंगनात याले लाजते?"

"तसं नाई बाई."

"मंग कसं?"

भागीरथेच्या तोंडात उत्तर आलं आणि दातांमागे थांबलं. "त्यायच्या डोळ्यायले जरासक कमी दिसते," ती म्हणाली.

"काल तं त्यानं मालकाच्या मिशीतला एक पांढरा केस शोधून काढला!" रुखमाबाई हसल्या. सूनही हसली. "जा, सांग त्याले, नवीन धोतर ठेवलं आहे त्याच्यासाठी. बायको अशी नजर लावते नवऱ्याच्या कामाले, मी तं पहिल्यांदा पाहून राह्यली."

घरी येताना तिच्या मनात एक गोष्ट आली. आधी नुसती आली. मोहाच्या झाडापाशी पोचेपर्यंत ती पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखरू नदीवर आंघोळीला गेला तेव्हा तिने धोकटी उघडली. कातड्याची ती जुनी पिशवी, तिला हात लावायची तिला कधी वेळ आली नव्हती. आदल्या संध्याकाळी त्याने वस्तरा दगडावर लावून, पट्ट्यावर ओढून ठेवला होता. तिने तो उघडला, आणि ज्या खापरीने त्याची नखं घासायची तीच खापरी धारेवर फिरवली. एकदा. मग पुन्हा. दातांना कळ जाईल असा आवाज झाला. कुंपणातली चिमणी उडाली.

तिचा हिशोब सरळ होता. निघताना तो धार नखावर पाहील. पाहिल्याशिवाय तो कधी निघत नसे. नखाला कळलं तर वस्तरा पुन्हा लावील, आणि मग तिचीच भीती खोटी. नखाला कळलं नाही तर वस्तरा बोथट. बोथट वस्तऱ्याने काय कापणार? फार तर केस निघणार नाहीत, लोक हसतील. हसू देत.

मुखरू आला. नवा शर्ट घातला. एवढ्यात गुणवंतरावांचा गडी कोलू बोलवायला येऊन दारात उभा राहिला.

"चल ना गा मुखरूभाऊ, लेकराचा मामा कवाचा मांडी घालून बसला आहे. पाय मोडतीन त्याचे."

"येतो ना. मामाचे पाय मोडले तं मीच बांधून देईन." मुखरूने वस्तरा काढला. अंगठा तोंडात घालून नख ओलं केलं. भागीरथा चुलीपाशी होती. फुंकणी तिच्या हातात तशीच राहिली.

वस्तरा नखावरून गेला. कुठे धरलं नाही. काचेवरून जावा तसा सुळकन निसटला.

"अस्सल," मुखरू म्हणाला. वस्तरा मिटला आणि कोलूसोबत निघून गेला.

ती तशीच बसून राहिली. आता खरं काय ते कळलं होतं, आणि कळून झाल्यावर घरात एकदम शांत झालं होतं. तिने खापरी उचलली. धारेतून निघालेली काळी भुकटी खापरीवर बसली होती. ती धुवायला म्हणून तिने पाण्यात बुडवली, आणि तेव्हा तिला बापाचा आवाज ऐकू आला. आरमोरीच्या अंगणात, नव्या हाताखालच्या माणसावर ओरडणारा. धारेचा वस्तरा नाई कापत रे, बोथट कापते. केस निघत नाई म्हनून तू दाबतोस. दाबलं की घसरते.

दाबणारच तो. केस निघाले नाहीत की कुठलाही न्हावी दाबणार. आणि किती दाबतोय हे ज्या बोटांनी कळायचं, त्या बोटांना काही कळत नव्हतं. त्यांच्याखाली न भरलेली टाळू होती.

खापरी कुठे पडली हे तिने पाहिलं नाही. ती धावत सुटली. पदर सावरायचं भान नव्हतं. पारावरची माणसं उठून उभी राहिली. न्हाव्याची बायको अशी रस्त्याने धावताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. धावता धावता ती शब्द शोधत होती. 'महारोग' म्हटलं की सगळं संपत होतं: घर, पार, लेकीचं सासर. 'वस्तरा बोथट आहे' म्हटलं तर तो हसून नखावर ओढून दाखवणार. त्याला थांबवील असं काहीतरी हवं होतं, आणि तसं एकच होतं.

गुणवंतरावांच्या अंगणात रांगोळीचा चौक घातला होता. मामाच्या मांडीवर मूल रडत होतं. मुखरूने कात्रीने पहिली बट कापून ताटात ठेवली होती. एकदा वस्तरा फिरवून झाला होता, केस तसेच होते. "जावळ लय चिवट आहे मालक," तो म्हणत होता, "वानाचं पोरगं आहे, उशिरा आलेलं." त्याचा डावा अंगठा टाळूवर कातडी ताणून बसला होता. अंगठ्याच्या कडेने कातडी पांढरी पडली होती. उजवा हात पुन्हा खाली येत होता.

"थांबा! हात लावू नका लेकराले!"

सगळ्या माना वळल्या.

"सुतक आलं," भागीरथा म्हणाली. तिचा श्वास पुरत नव्हता. "कोरपन्याचे दादाजीभाऊजी गेले. आत्ता एक गाडीवाला सांगून गेला."

दादाजी म्हणजे मुखरूचा थोरला भाऊ. त्यानेच मुखरूला वाढवला होता. मुखरूच्या हातातला वस्तरा खाली पडला. त्याचा चेहरा आतून कोणी ओढून घ्यावा तसा होत गेला, आणि भागीरथेने ते पाहिलं. जिवंत माणसाला तिने नुकतंच मारलं होतं, आणि ते किती सोपं होतं!

रुखमाबाईंनी मूल उचलून घेतलं. "शिवलास रे बाबा लेकराले! पानी आना कोनी. अर्धं जावळ राह्यलं, आता काय करू?" आशाबाई रडायला लागली. गुणवंतराव खुर्चीतून उठले. "त्याले काय बोलता? त्याले ठाऊक होतं का?" ते मुखरूला म्हणाले, "जा बाबा घरी. कोलू उद्या लटारूले घेऊन येईल, राहिलेलं तो करंल."

मुखरूने वस्तरा उचलून धोकटीत टाकला आणि तो निघाला. भागीरथा त्याच्यामागे. रुखमाबाई दारापर्यंत आल्या; राग जाऊन त्यांचे डोळे आता ओले होते.

"भागीरथा, कालचं मनात ठेवू नको वं. मेल्या मानसाची चाहूल लागली असंल तुले, म्हनून तसं बोललीस." त्यांनी आवाज खाली घेतला. "आन फिकर करू नको. कोरपना किती दूर, नद्या आडव्या. दहावा इथीच करा. लटारूले मी थांबवून घेतो. तोच मुखरूचं डोकं करून देईल, नखंही तोच काढंल. आपल्या मानसाले असं सोडते का कोनी?"

त्या हे मायेने बोलत होत्या. भागीरथेने मान हलवली. तिला मुखरूचा हात दिसला, दुसऱ्या न्हाव्याच्या हातात. लटारूला एक बोट पुरलं असतं.

घरात शिरताच मुखरू भिंतीला टेकून बसला आणि रडू लागला. भागीरथेने दार लोटलं.

"दादाजीभाऊजी जिते आहेत," ती म्हणाली.

त्याला कळायला वेळ लागला.

"कोनी गाडीवाला आला नाई. मीच बोलली."

मुखरू उठला. त्याचा हात वर गेला, आणि वरच थांबला. "माह्या भावाले तू..." हात खाली आला. "काऊन?"

"वस्तरा बोथट होता. मीच केला, खापरीनं."

"बोथट असता तं मले कळलं असतं."

"तुमी नखावर ओढला. अस्सल म्हनाले."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग धोकटीतून वस्तरा काढला, नख ओलं केलं, आणि तिच्याकडे बघतच वस्तरा ओढला. चेहऱ्यावर काही आलं नाही. पुन्हा ओढला, या वेळी दाबून. पुन्हा, आणखी दाबून. नखाची गुळगुळीत पाठ तडकली आणि फटीतून रक्त आलं. ते हातावरून ओघळून जमिनीवर पडलं तेव्हा त्या आवाजाने त्याने खाली पाहिलं.

"रक्त आलं," तो म्हणाला. कोणा दुसऱ्याचं सांगावं तसं.

दिवसभर गावातली माणसं येऊन बसून गेली. सोमाजी आला, कानाची खपली खाजवत बसला, "दादाजी लय सरळ मानूस," म्हणाला. रुखमाबाईंनी तांदूळ पाठवले. प्रत्येकाने काहीतरी चांगलं सांगितलं, आणि मुखरू त्या प्रत्येक शब्दाला मान हलवत राहिला. संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, "लटारूच्या हातात हात द्याचा नाई. सकाळी निंघू. कोरपन्याले जाऊन राह्यलो म्हनून सांग."

"आन खरं कुठी?"

तो अंगणातल्या धुळीकडे बघत राहिला. "तूच सांग."

सकाळी गाव वेशीपर्यंत पोचवायला आलं. त्यांना कोरपन्याच्या दिशेने निघावं लागलं, कारण सगळे बघत होते. धानाच्या बांध्या संपल्या, रान लागलं, हाका ऐकू येईनाशा झाल्या. मग भागीरथेने वाट सोडली. सागाच्या वाळक्या पानांतून ते उलट्या दिशेने वळले. पाऊल टाकलं की पानं मोडत, आणि त्या आवाजाने दोघेही थांबून मागे पाहत. एका ठिकाणी मोहफुलांसाठी झाडाखाली जाळ करून जमीन साफ केलेली होती. राख अजून गरम होती, माणूस कुठे दिसत नव्हतं. मुखरू राखेतून अनवाणी चालत गेला. भागीरथेने त्याचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं. तिने त्याच्या तळव्यांकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी धानोऱ्याचा बाजार होता. तिचा विचार असा होता की, कोलू पहाटेच लटारूला घेऊन निघाला असेल. बाजारात ओळखीचं कोणी नसेल. मिरचीवाल्या बायकांना वळसा न घालता ती सरळ वाटेने चिंचेखाली गेली. तिथे आधीच काही माणसं बसली होती, एकमेकांकडे न बघता. मुखरू त्यांच्यापासून थोडा दूर बसला. मग कंपाउंडरने हाक मारली.

कंपाउंडर तरुण होता, घाईत होता, पण मुखरूचा हात त्याने न कचरता आपल्या हातात घेतला. न्हाव्याने गिऱ्हाइकाचा घ्यावा तसा. अंगठ्याचं तडकलेलं नख पाहिलं. "डोळे मिटा," म्हणाला. "कोंबडीचं पीस लावतो. लागलं की सांगा."

मुखरूने डोळे मिटले.

कंपाउंडर पीस शोधत होता. ते टेबलाखाली पडलं होतं. तो वाकला.

"लागलं," मुखरू म्हणाला.

कंपाउंडर वाकलेलाच थांबला. भागीरथेने ओठ दाबून धरले.

"लागलं," मुखरू पुन्हा म्हणाला, डोळे घट्ट मिटून. "बराबर लागलं. करंगळीले."

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "मुखरूभाऊ? तुमी तं कोरपन्याले गेले ना?"

कोलू होता. त्याच्या शेजारी धोकटी काखेत घेऊन लटारू न्हावी. बाजारातली गिऱ्हाइकं संपवल्याशिवाय तो निघाला नसावा. कोलूने मुखरूकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग खाली बसलेल्या माणसांकडे. त्याचा हात आपोआप आपल्या गालावर गेला. परवाच मुखरूने त्याची दाढी केली होती. तो एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक.

मुखरूने डोळे उघडले नाहीत.

काहीतरी सांगता आलं असतं. भागीरथेला अजूनही एखादी गोष्ट रचता आली असती. कालच्या दिवसात ती ते शिकली होती. ती उठून उभी राहिली.

"लटारूभाऊ," ती म्हणाली, "लेकराचं डोकं हळू करा. टाळू भरली नाई त्याची."

लटारूने मान हलवली. तो वळला तेव्हा कोलू बाजाराच्या टोकाला पोचलाही होता. लटारूसाठी न थांबता, गावाच्या रस्त्याने, जवळजवळ पळत. भागीरथा त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. दुपारच्या आत तो पोचणार होता.

कंपाउंडर टेबलाशी बसला. "गोळ्या आज देतो. पण दर बाजाराला यावं लागेल, खंड पडता कामा नये," म्हणाला. मग त्याने दौतीत टाक बुडवला. "राहायला कुठे आहात?"

भागीरथेने गावाचं नाव सांगायला तोंड उघडलं. रस्त्यावर आता नुसती धूळ होती.

"इथीच," ती म्हणाली. "या झाडाखाली लिहा."